जुन्या १८६५० सेलवर नवीन रॅपर चढवून विकतायत, घेण्याआधी हे वाचा

मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण घरी आर्डुइनो, ईएसपी३२ सारखे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड घेऊन काहीतरी बनवत बसायची आवड असणाऱ्यांनी आणि खास करून शेतावर बॅटरीवर चालणारं काही बसवणाऱ्यांनी पूर्ण वाचा. एका ऑनलाइन विक्रेत्याने "ओरिजिनल, फ्रेश स्टॉक" म्हणून मला भंगारातले १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, चार्ज होणारे) लिथियम सेल विकले आणि त्याचा धंदा अजून चालूच आहे.

आमची शेती संगमनेर तालुक्यात, काका तिथे आणि मी नोकरीसाठी पुण्यात. विहिरीवरच्या मोटरची थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यात मधेच जाते, आणि उसात बिबट्याचा वावर असताना साठी ओलांडलेल्या माणसाने रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन लाईट आली का बघायला विहिरीवर जायचं हे मला सहन होत नव्हतं. तयार मोबाईल स्टार्टर बाजारात मिळतात पण मला विहिरीतल्या पाण्याची पातळीही हवी होती, म्हणून आर्डुइनो नॅनो, सिम कार्डवरून कॉल करणारं सिम८००एल मॉड्यूल आणि मोटर चालू-बंद करायला रिले घेऊन स्वतःच बनवला, लाईट आली की काकांना मिस्ड कॉल जातो आणि तिकडून फोन केला की मोटर चालू. लाईट नसताना बोर्ड जागा राहावा म्हणून १८६५० सेल.

आता सिम८००एल ज्यांनी वापरलाय त्यांना माहितीच आहे, त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतो आणि टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट खेचतो. चांगला सेल हे आरामात देतो. इथेच सेलचा खरा कस लागतो, नुसता एलईडी लावून काही कळत नाही.

९९०० एमएएच (सेलची साठवण क्षमता) वगैरे छापलेले सेल धादांत खोटे असतात हे मला माहिती होतं, या आकारात नेहमी मिळणाऱ्या सेलची मजल ३५००-३६०० च्या आसपासच जाते. म्हणून मी मुद्दाम ३००० एमएएचचे, नामांकित कंपनीचा शिक्का असलेले, गुलाबी रॅपरचे आठ सेल घेतले, २६० रुपयाला एक. म्हणजे फुकटात मिळतायत असा भावही नव्हता. रेटिंग चांगलं, बिल मिळालं, मल्टीमीटर लावला तर प्रत्येक सेल ४.१ व्होल्ट. संशय यावा असं काहीच नव्हतं आणि ही फसवणूक याच्याच जोरावर चालते. बराचसा मेलेला सेलही चार्ज केला की काही दिवस व्होल्ट बरोबरच दाखवतो, आणि रिव्ह्यू लिहिणारे पार्सल आलं त्याच दिवशी पाच स्टार देऊन मोकळे होतात, क्षमता मोजत कोण बसतो?

ऐन कांद्याच्या पाण्याच्या वेळी दिवसभर लाईट नव्हती, रात्री आली, दोन तास राहून गेली आणि मिस्ड कॉल आलाच नाही. काका परत टॉर्च घेऊन विहिरीवर. स्टार्टरचा डबा पुण्याला आणून लॅपटॉपला जोडला तर सिरीयल मॉनिटरवर (बोर्डचे मेसेज दाखवणाऱ्या खिडकीत) एकच ओळ पुन्हा पुन्हा, अंडर व्होल्टेज वॉर्निंग, आणि मग मॉड्यूल बंद. वायर जाड केल्या, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, मॉड्यूलही बदलून बघितलं, काही फरक नाही.

मग सेलकडे वळलो. ४.७ ओहमचा १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर सेलवर लावला की साधारण पाऊण-एक अँपिअरचा लोड पडतो. चांगल्या सेलचा व्होल्ट तेवढ्याने जेमतेम पाच-सात शतांश खाली येतो, याचा ४.१ वरून थेट ३.७ वर आला. सोनाराच्या काट्यावर वजन केलं तर एक ३९ ग्रॅम, एक ४२, एक ४४. एकाच लॉटचे नवे सेल असे नसतात, त्यांच्यात ग्रॅमचाही फरक सहसा पडत नाही आणि ३००० चा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. टेस्टरवर पूर्ण डिस्चार्ज करून क्षमता मोजली, सगळ्यात चांगला ११०० एमएएच आणि सगळ्यात वाईट ६००.

एकाचं गुलाबी रॅपर नखाने फाडलं (ब्लेड लावू नका, सेल शॉर्ट होऊ शकतो). खालच्या बाजूला निकेलची पट्टी उपटल्याचे स्पॉट वेल्डिंगचे जोडीजोडीने ठिपके, वरून पॉलिश पेपर मारलेला, कडेला गंज. म्हणजे कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपच्या नाहीतर पॉवर टूलच्या पॅकमधून काढलेला माल, वर नवीन रॅपर आणि नवीन पांढरी रिंग. राग पैशाचा नाही हो. असा सेल चार्जिंगला तापतो, आणि हा डबा उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेला असतो जिथे शेजारी ठिबकचे पाईप आणि कडबा. पेट घेतला असता तर?

विक्रेत्याचं उत्तर, "सर व्होल्टेज बरोबर आहे ना, तुमच्या चार्जरचा प्रॉब्लेम आहे, आणि सात दिवसांची रिटर्नची मुदतही संपली." मी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला, सोबत वजनाचा व्हिडिओ, टेस्टरच्या आकड्यांचे फोटो आणि वेल्डिंगच्या खुणा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना ४८ तासात तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो, ते मेलमध्ये स्पष्ट लिहा, त्याने फरक पडतो. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. पैसे परत आले.

पण ते लिस्टिंग गायब झालं आणि थोड्याच दिवसांनी दुसऱ्या दुकानाच्या नावाने परत आलं, फोटो तोच, हिरव्या कटिंग मॅटवर ठेवलेले गुलाबी सेल, आता भाव २४०. दिसलं तर रिपोर्ट करा.

नवीन सेल मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून समोर वजन करून घेतले, दुकानदाराने काही कुरकुर केली नाही. सेलवर किंवा पॅकिंगवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतंय का बघा. आणि असे खराब सेल कुणाच्या हाती लागले असतील तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनाला द्या, घरच्या कचऱ्यात नको आणि भंगारवाल्याला तर अजिबात नको, तिथून ते रॅपर चढून परत आपल्याकडेच येतात.