अल्कापुरीतलं ‘दुबई सबस्टन्स पॅकेज’: हिशेब चोख, मिनिट्स कच्ची

मकरपुरा जीआयडीसीत कारखाना आणि दुबईच्या फ्री झोनमध्ये (करसवलतीच्या खास व्यापारक्षेत्रात) ट्रेडिंग कंपनी अशी जोडी सांभाळणाऱ्यांना बडोद्याच्या अल्कापुरीतले काही सल्लागार वार्षिक ‘सबस्टन्स पॅकेज’ विकतात. सबस्टन्स म्हणजे कंपनी नुसती कागदावर नाही, तिथे खरोखर चालते, हे दाखवणं. अशाच एका पॅकेजचं हे परीक्षण. सल्लागाराचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. एका ठोक रकमेत पाच गोष्टी मिळतात: हिशेब व ऑडिट, फ्लेक्सी-डेस्क (सामायिक ऑफिसातलं भाड्याचं टेबल), तिथला एक संचालक, दोन बोर्ड मीटिंगांची मिनिट्स (इतिवृत्तं) आणि ‘ईएसआर नोटिफिकेशन व रिपोर्ट’.

शेवटच्या बाबीचे पैसे सरळ कापून घ्यावेत. ईएसआर, म्हणजे आर्थिक सबस्टन्सचे नियम, यूएईने 30 एप्रिल 2019 पासून लागू केले आणि 2020 च्या 57 क्रमांकाच्या कॅबिनेट ठरावाने नव्याने मांडले. आपल्याच समूहातल्या परदेशी कंपनीकडून माल घेऊन पुढे विकणारी, किंवा तिला सेवा पुरवणारी कंपनी ‘डिस्ट्रिब्यूशन अँड सर्व्हिस सेंटर’ या सदरात यायची. वर्ष संपल्यावर 6 महिन्यांत नोटिफिकेशन, 12 महिन्यांत रिपोर्ट. नोटिफिकेशन चुकलं तर 20,000 दिरहम दंड; रिपोर्ट चुकला किंवा कसोटीत नापास झाले तर 50,000, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी 4 लाख. पण 2024 च्या 98 क्रमांकाच्या ठरावाने 31 डिसेंबर 2022 नंतर संपणाऱ्या वर्षांसाठी हे सगळं रद्द झालं. आपल्याकडच्या सवयीने मार्चअखेर ठेवणाऱ्यांचं एप्रिल 2022 ते मार्च 2023 हे वर्षसुद्धा सुटलं. म्हणजे पॅकेजमध्ये विकला जातोय तो न भरायचा फॉर्म!

खरं काम आहे ते जुन्या फायलींचं. त्याआधीची वर्षं संपल्यापासून 6 वर्षांपर्यंत तपासली जाऊ शकतात, आणि नंतरच्या वर्षांसाठी दंड भरला असेल तर तो परत मिळतो. या दोन्हींचा पॅकेजमध्ये उल्लेख नाही.

ईएसआर गेलं तरी सबस्टन्स गेलेला नाही, तो यूएईच्या कॉर्पोरेट टॅक्समध्ये, म्हणजे कंपन्यांच्या नफ्यावरच्या करात, जाऊन बसला आहे. फ्री झोनचा 0 टक्के दर हवा असेल तर पुरेशी माणसं, मालमत्ता आणि खर्च तिथेच दिसावा लागतो. इथे जुनं एकच सदर दुभंगलं आहे, आणि पॅकेज बनवणाऱ्यांना ते उमगलेलं नाही. वितरण 0 टक्क्याला पात्र ठरतं, पण जाफझासारख्या (जेबेल अली फ्री झोन) डेझिग्नेटेड झोनमधून, म्हणजे सरकारने तसं ठरवून दिलेल्या फ्री झोनमधून केलेलं, आणि ग्राहक पुढे विकणारा किंवा प्रक्रिया करून विकणारा असेल तरच. थेट वापरणाऱ्याला विकलेला पंप त्यात धरत नाहीत. सेवांचं त्याहून कठीण: समूहाचं मुख्यालय म्हणून केलेलं काम यादीत आहे, साधं बॅक-ऑफिस किंवा सल्ला नाही. अपात्र उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या 5 टक्के किंवा 50 लाख दिरहम, यांपैकी कमी असेल त्या मर्यादेबाहेर गेलं की ते वर्ष आणि पुढची चार वर्षं 0 टक्के विसरायचं. 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के. आणि साठवण, ऑर्डरी, माल पाठवणं हे सगळं मकरपुऱ्यातून चालत असेल, तर वितरण कंपनीला फ्लेक्सी-डेस्कने काय साधणार?

मिनिट्सचा नमुना मागून पाहावा. छापील मसुदा, ‘ठिकाण: दुबई’ आधीच टाईप केलेलं, तारखेची जागा कोरी, ठराव तीनच: हिशेब मंजूर, बँक खातं, ऑडिटर. कुठल्या पुरवठादाराकडून घ्यायचं, काय भावाने, उधारी किती दिवसांची, यावर एक ओळ नाही. ईएसआरमध्ये कोरम (बैठकीला लागणारे किमान संचालक) प्रत्यक्ष तिथे हजर आणि मिनिट्सवर हजर संचालकांच्या सह्या, अशी अट होती. तारखेशी पासपोर्टचे शिक्के जुळवायला तपासणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. त्यात भाव ठरवणारं ‘ओके, पाठवा’ हे ईमेल त्याच दिवशी कारखान्यातून गेलेलं असेल तर बोलायलाच नको.

याचा जास्त फटका दुबईत नाही, इथे बसतो. कंपनीचं प्रभावी व्यवस्थापन भारतातून चालतं असं ठरलं तर ती इथली रहिवासी, आणि कर परदेशी कंपनीच्या 35 टक्के दराने, वर अधिभार. वर्षाची उलाढाल 50 कोटी किंवा कमी असेल तर सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) फेब्रुवारी 2017 च्या परिपत्रकामुळे हा नियम लागत नाही. त्याच्या वर मात्र एक बारकावा आहे: खरेदी आणि विक्री दोन्ही समूहातल्याच कंपन्यांशी असेल तर ते उत्पन्न ‘पॅसिव्ह’ धरतात. ते एकूण उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर गेलं की ‘सक्रिय व्यवसाय भारताबाहेर’ ही ढाल, म्हणजे धंदा बाहेर चालतो म्हणून व्यवस्थापनही बाहेरचं हा बचाव, पडते. मकरपुऱ्यातून घेऊन नैरोबीतल्या आपल्याच कंपनीला विकणाऱ्यांनी आधी हे मोजावं. 50 कोटींच्या आत असलात तरी ट्रान्सफर प्रायसिंग (समूहातले व्यवहार बाजारभावाने दाखवण्याचे नियम) आणि त्याचा 3सीईबी फॉर्म, म्हणजे सीएचा अहवाल, सुटत नाहीत. पॅकेजच्या माहितीपत्रकात भारताचा भ सुद्धा नाही.

हिशेबाचं काम मात्र खरंच चांगलं. बिल ऑफ एंट्रीनुसार (आयातीच्या कस्टम्स कागदानुसार) स्टॉक लेजर, दर महिन्याला बँक जुळवणी, आणि ऑडिट वेळेत, त्यामुळे 9 महिन्यांच्या आत रिटर्न निवांत जातं. 0 टक्क्यासाठी ऑडिट केलेला ताळेबंद लागतोच, तेव्हा हा भाग घेण्यासारखा आहे.

ईएसआर आणि मिनिट्स वगळून नवं कोटेशन मागावं. हिशेब सुटा देत नाही, असं पहिल्या भेटीत सांगतात. दुसऱ्या भेटीत देतात.