चावीची पुली की टेपर लॉक?

नुसता बेल्ट बदलायचा असेल तर हा प्रश्न येत नाही. येतो तो पुलीच बदलायची वेळ आल्यावर. बेल्ट काठाच्या बराच खाली बसायला लागला आणि ग्रूव्हचा (बेल्ट बसतो त्या खाचेचा) तळ आरशासारखा चकाकायला लागला, की नवा बेल्ट घालून उपयोग नसतो. व्ही बेल्टनं बाजूंनी धरायचं असतं, तळ टेकला की तो घसरतोच. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो, तिथल्या धुळीच्या ब्लोअरवर हे समजायला मला बेल्टचे तीन सेट लागले.

पुली बदलायची ठरल्यावर दोन वाटा. एक, बीडाची (ओतीव लोखंडाची) सरळ बोअरची, म्हणजे सरळ भोकाची पुली. तिला शाफ्टवर फिरू न देणारी चावी, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी, आणि वरून आवळायचा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. दुसरी, टेपर लॉक बुश आणि त्याची पुली. हा बुश म्हणजे बाहेरून निमुळती, एका बाजूला चिरलेली नळी; स्क्रू आवळले की ती पुलीत ओढली जाते आणि शाफ्टला घट्ट धरते. मी दोन्ही वापरल्या आहेत, आजही आमच्याकडे दोन्ही आहेत.

चावीच्या पुलीची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी नाही. कोल्हापूर भागात बीडाचं ओतकाम दारात आहे. पुली स्वस्त पडते, समोरचा टर्नर दुपारपर्यंत 42 मिमीचा बोअर आणि 12 मिमीचा चावीगाळा काढून देतो. बोअर नीट बसलेला असेल तर ती वर्षानुवर्षं निमूट चालते. आमच्या मशीन शॉपमधल्या, कोरड्या जागेतल्या ड्राइव्हवर अजून तीच आहे आणि ती बदलायचा माझा विचार नाही.

अडचण बसवताना नाही, काढताना आहे. माझा निर्णय इथेच झाला. त्या ब्लोअरची 15 एचपीची मोटार सहा वर्षं वाळूच्या धुळीत आणि पावसाळी ओलीत चाललेली. हब (पुलीचा मधला भाग) आणि शाफ्टच्या मध्ये लाल गंज धरलेला. तीन पायांचा पुलर काठाला लावला आणि ताण दिला, तर काठाचा तुकडाच हातात आला. बीड दाबाला भक्कम, पण ओढीला कच्चं. पुलर खरं तर हबला लावायला हवा होता, पण मोटारीच्या बाजूनं तिथे बोट शिरेल एवढीही जागा नव्हती. मग गॅसनं तापवलं. हब तापला तसा शाफ्टही तापला, पुली तिथेच आणि बेअरिंगमधलं ग्रीस वितळून बाहेर. आमचे फिटर मामा म्हणाले, “साहेब, ही आता अखंड निघत नाही.” शेवटी चावीगाळ्याच्या रेषेत ड्रिलनं भोकं पाडून छिन्नीनं हब फोडला. त्यात रात्रपाळी गेली, आणि आठवड्याभरात मोटारीचं पुलीकडचं 6309 बेअरिंग आवाज करायला लागलं. तापवल्यामुळे की ठोकल्यामुळे, हे सांगता येणार नाही. दोन्ही झालं होतं.

टेपर लॉकमध्ये हेच काम एलन कीवर होतं. दोन्ही स्क्रू काढायचे, त्यातला एक तिसऱ्या भोकात घालून आवळायचा. बुश सुटतो आणि पुली हातानं निघते. बुशचा नंबरही सोपा आहे. 2517 म्हणजे जास्तीत जास्त अडीच इंचाचा बोअर आणि साधारण 1.7 इंच लांबी. शाफ्ट बदलला तर फक्त बुश बदलायचा, पुली तीच. आम्ही त्या ब्लोअरला 2012 नंबरचा बुश घातला.

दुसरा फायदा मला नंतर कळला, तो लाइन धरण्याचा, म्हणजे दोन्ही पुल्या एका रेषेत आणण्याचा. चावीची पुली शाफ्टच्या खांद्याला जाऊन बसते. समोरच्या पुलीशी चार मिमीचा फरक निघाला तर मोटार सरकवावी लागते, आणि बेसवरचे बोल्टचे गाळे तर बेल्ट ताणायच्या दिशेला पाडलेले असतात. टेपर लॉक पुली शाफ्टवर हवी तिथे सरकवून आवळता येते. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणायची, ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. काठांची जाडी वेगळी असेल तर मात्र तोंडावर विसंबू नये, पहिल्या ग्रूव्हपासून मोजावं. व्ही बेल्टला अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो असं धरतात, म्हणजे मीटरला साधारण 9 मिमी. मी त्याच्या निम्म्यात ठेवतो आणि बेल्टच्या कडा आता पूर्वीसारख्या झिजत नाहीत. एक लक्षात ठेवा, आवळताना पुली किंचित सरकते, म्हणून दोरी शेवटी पुन्हा लावावी.

टेपर लॉक निर्दोष नाही. किंमत जास्त आहे, आणि शाफ्ट आधीच खाल्लेला असेल तर बुशची पकडही भरवशाची राहत नाही. हलक्या प्रतीचा बुश घेऊ नये असं मी म्हणेन. सर्वांत मोठी चूक काळजीपोटी होते: टेपरला ग्रीस लावणं. आमच्याकडे एका नव्या मुलानं गंज धरू नये म्हणून लावलं, बुश गरजेपेक्षा खोल ओढला गेला आणि हबला चीर गेली. टेपर कोरडा, पुसलेलाच हवा. 2012 नंबरच्या बुशचे स्क्रू 31 न्यूटन मीटरला आवळायचे, तेही आलटून पालटून. मग बुशवर ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे, पुन्हा आवळायचं. बेल्ट ताणायला दुसऱ्या दिवशी जाल तेव्हा हे स्क्रूही तपासावेत.

तुमची जागा कोरडी असेल, पुली दहा वर्षांत एकदा निघणार असेल आणि टर्नर विश्वासाचा असेल, तर चावीची पुली घ्यायला हरकत नाही. धूळ, ओल किंवा अडचणीची जागा असेल तर मी तरी जास्तीचे पैसे देईन. ब्लोअरची पुली गेल्या महिन्यात पुन्हा काढली, वेग बदलायचा होता म्हणून. मामांनी एकट्यानं, अर्ध्या तासाच्या आत. स्क्रू बसवून झाले की तिसरं रिकामं भोक आणि स्क्रूंची डोकी मात्र ग्रीसनं भरून ठेवा, नाहीतर तिथे वाळू बसते आणि एलन की शिरत नाही.