विज्ञान पेटी, नऊ महिने वापरून: माझं सगळं भांडण त्या बल्ब होल्डरशी

परवा पेटीतला दुसरा बल्ब होल्डरही गेला, त्यामुळे आता लिहितेच. जूनमध्ये पेटी घेतली, आता मार्च, म्हणजे नऊ महिने झाले. शाळेत प्रयोग करायला बल्ब, वायर, भिंगं, चुंबकं असं साहित्य आणि एक मार्गदर्शिका असलेली ही पेटी, तिसरी ते पाचवीच्या पेट्या सगळ्यांच्या साधारण सारख्याच. आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, सिंधुदुर्गात, पटावर १९ मुलं, त्यातली तिसरी-चौथी-पाचवीची ११ माझ्याकडे एकत्र बसतात. पेटी २,३५० रुपयांची. निम्मे पैसे शाळा अनुदानात बसले, निम्मे मी घातले, त्यामुळे एकेका वस्तूचा हिशोब माझ्या डोक्यात आहे.

तर होल्डर. पांढरं प्लास्टिक, मधे बल्ब फिरवून बसवायची आट्यांची वाटी, तळाला पत्र्याची एक जीभ आणि बाहेर वायर जोडायला दोन स्क्रू. असे फक्त दोन दिलेत. जुलै संपेपर्यंत पहिल्याची जीभ गंजून लाल झाली. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या टाचण्या गंजतात, वह्यांना बुरशी येते, तिथे साधा लोखंडी पत्रा कसा टिकणार? पितळेची पट्टी घातली असती तर पेटीमागे किती रुपये वाढले असते? मी पॉलिश पेपरने हळूच घासायला गेले तर जीभच तुटून हातात आली.

मग कंपनीला फोन. आधी फोटो मागितला, मग बिल, मग बिलाचा स्वच्छ फोटो, असे अकरा दिवस गेले आणि उत्तर काय आलं, तर गंज वॉरंटीत येत नाही आणि होल्डर सुटा मिळत नाही, विजेचा सगळा संच घ्या, ६८० रुपये, कुरियर वेगळं. कणकवलीत इलेक्ट्रिकलच्या दुकानात अगदी तसाच होल्डर १५ रुपयांना मिळतो! फोनवरच्या मुलीशी मी जरा चढ्या आवाजात बोलले, तिची चूक नव्हती, पण ६८० रुपये ऐकून माझा तोलच गेला.

इथपर्यंतचं मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा पाचपैकी एक तारा देणार होते. पण नंतर वर्गात जे झालं त्यामुळे माझं मत बदललं, पेटीपेक्षा होल्डरबद्दल.

बाजाराला जायला चार दिवस होते आणि पाठ तर घ्यायचा होता. उरलेला एक होल्डर तीन गटांना कसा पुरणार, म्हणून मी ठरवलं की होल्डर नकोच. प्रत्येक गटाला एक टॉर्चचा सुटा बल्ब, एक दीड व्होल्टचा सेल आणि दोन्ही टोकं सोललेला वायरचा एकच तुकडा दिला आणि म्हटलं पेटवून दाखवा. जूनमध्ये हाच प्रयोग होल्डर लावून झाला होता, पाचही मिनिटं लागली नव्हती, बल्ब पेटला, टाळ्या झाल्या, मी वहीत 'प्रयोग पूर्ण' लिहिलं होतं. त्यामुळे मला वाटलं आता तर लगेच जमेल. तिन्ही गट अडले. सगळ्यांनी वायर सेलच्या टोपीला लावली आणि दुसरं टोक बल्बच्या बुडाला. सेलची दुसरी बाजू मोकळी. म्हणजे जूनमध्ये त्यांना काय समजलं होतं? काहीच नाही. दोन स्क्रूंना दोन वायरी जोडायच्या एवढंच त्यांना कळलं होतं, मधे होल्डरच्या पोटात काय होतं ते दिसतच नव्हतं.

वीस-पंचवीस मिनिटं मी काही सांगितलं नाही, हे मला फार जड गेलं. मग चौथीतल्या एका मुलीने बल्ब डोळ्याजवळ धरून फिरवला आणि म्हणाली, "बाई, हेका दोन जागा आसत." तिने बुडाचा बारीक ठिपका दाखवला, त्याच्याभोवतीची काळी रिंग दाखवली आणि वरची आट्यांची पत्र्याची बाजू दाखवली. मग बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवलं, वायर सेलच्या खालून आणून आट्यांना लावली, आणि "पेटलो! पेटलो!" असा जो आवाज झाला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. एका सेलवर अडीच व्होल्टचा बल्ब मंदच पेटतो, पण त्या मंद उजेडासाठी त्यांनी अर्धा तास घालवला होता.

त्यानंतर आम्ही भिंगाखाली बल्ब पाहिला. आतल्या तारेचं एक टोक आट्यांच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि दुसरं बुडाच्या ठिपक्याला, मधली काळी रिंग दोघांना वेगळं ठेवते. विजेला एका बाजूने आत जाऊन तारेतून दुसऱ्या बाजूने बाहेर यायला वाट लागते, हे मी सांगायच्या आधी एका मुलाने बोट फिरवून दाखवलं. आणि होल्डर नेमकं हेच झाकतो! वायर नुसती सेलच्या दोन टोकांना जोडली की ती तापते आणि बल्ब पेटत नाही, हेही त्यांना हाताला चटका बसूनच कळलं, फक्त हे सुट्या सेलवरच करायचं, भिंतीच्या सॉकेटजवळ जायचं नाही, हे मी दर वेळी बजावते आणि तुम्हीही बजावा.

म्हणून माझं म्हणणं आता असं आहे की होल्डर गंजला ही एक तक्रार, ती आहेच, पण मोठी तक्रार ही की होल्डर पहिल्या दिवशी हातात द्यायलाच नको होता. मार्गदर्शिकेत पहिली पायरीच 'बल्ब होल्डरमध्ये बसवा' अशी आहे. आधी सुटा बल्ब, मग दोन सेल जोडायचे असले किंवा हात मोकळे हवे असले तर होल्डर, असा क्रम हवा.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. भिंगं छान आहेत, ओरखडे आले तरी चालतायत. पट्टी चुंबकं चांगली, पण मुलं पाडतात आणि पडलेलं चुंबक कमजोर होतं, त्यामुळे वापर झाला की जोडीने उलटसुलट, उत्तराशी दक्षिण ठेवून द्या. आम्ल-आम्लारी ओळखायचे लिटमस कागद पावसात वाया गेले. हळदीचे कागद केले, साबणाने लाल होतात आणि लिंबाने परत पिवळे, आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी लिंबाने गुलाबी-लाल, सोड्याने हिरवट. जास्वंद प्रत्येकाच्या अंगणात आहे, शून्य रुपये.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर ग्लास उपडा घालायच्या प्रयोगाबद्दल मात्र बोलायलाच हवं. मार्गदर्शिकेत छापलंय की ऑक्सिजन जळाला म्हणून पाणी एक पंचमांश वर चढतं. हे चूक आहे आणि हे मुलांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतं. आम्ही एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावून तोच ग्लास घातला, दर वेळी पाणी जास्त चढलं. ग्लासातली हवा तेवढीच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? नीट बघितलं तर ग्लास टेकताना कडेने बुडबुडे निघतात, म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर जाते, आणि ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, तेव्हाच पाणी झपकन वर येतं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो. हे मी कंपनीला मेलवर लिहिलं, उत्तर आलं नाही.

पेटी अडली तेव्हा मी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचं आणि टाकाऊ वस्तूंची विज्ञान खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं फुकट मिळणारं साहित्य फोनवर बघायला लागले. गुप्ता टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनियर होते, १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून आकार बनवायला लागले. तो कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला, पण त्यात साहित्य मुलांच्या छोट्या टोळ्यांच्या हातात असायचं, हे वाचून मला आमच्या पेटीतलं 'शिक्षकांनी टेबलावर करून दाखवावे' फारच खुपायला लागलं.

गुप्तांच्या पद्धतीची मोटर डिसेंबरमध्ये केली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक गोल चुंबक आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलेली एनॅमलचा मुलामा असलेली तांब्याची तार, तीही त्याने पैसे न घेता दिली. तारेची गुंडाळी करून तिची दोन टोकं पिनांवर टेकवायची, खुबी ही टोकं खरवडण्यात आहे, एका टोकाचा मुलामा पूर्ण काढायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. दर फेरीत अर्धा वेळ वीज तुटते आणि गुंडाळी स्वतःच्या वेगाने पुढे जाते, सगळा मुलामा काढला तर ती नुसती थरथरते. पहिल्या दिवशी एकही फिरली नाही, दुसऱ्या दिवशी तीनपैकी दोन फिरल्या. चुंबकासकट गटामागे ३० रुपयांच्या आत खर्च.

घ्यावी का? तुमच्याजवळ बाजार असेल आणि दोन रविवार मोकळे असतील तर घेऊ नका, भिंगं, चुंबकं, बल्ब, वायर सुटं आणा, हजारात तीन गटांचं भागतं. अगदी आडगावात असाल आणि अनुदान मार्चअखेर खर्च करायचं असेल तर घ्या, पण होल्डर बाजूला काढून ठेवा आणि मेणबत्तीचं पान खोडून मुलांना द्या. तारे दोन.

तुटलेले दोन्ही होल्डर मी टाकलेले नाहीत. पाचवीच्या मुलांनी परवा एकाचं प्लास्टिक पक्कडीने फोडलं, आतली वाटी कुठल्या स्क्रूला जाते आणि जीभ कुठल्या, ते बघून वहीत चित्र काढलं, आणि दुसरा जूनमध्ये येणाऱ्या तिसरीसाठी ठेवायला सांगितलाय.