बिलावर दोन बुश, गाडीत एकच

गाडी स्पीड ब्रेकरवरून उतरली की मागून एक जड ठोका यायचा. आधी वाटलं, डिकीतला जॅक सुटा झाला असेल. जॅक बाहेर काढला तरी आवाज तसाच. पुढे जोरात ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग किंचित एका बाजूला सरकायला लागला, तेव्हा मात्र भीती वाटली. गॅरेजमध्ये दाखवली. मागच्या एक्सलचे रबर बुश गेले आहेत, असं त्यांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. निदान खरं निघालं म्हणूनच पुढच्या सगळ्यावर माझा विश्वास बसला.

हा भाग फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून सांगते. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम असतो. त्याच्या दोन्ही हातांची पुढची टोकं एकेका जाड बोल्टने बॉडीला धरलेली असतात आणि त्या टोकांच्या डोळ्यांत, म्हणजे गोल भोकांत, हे बुश दाबून बसवलेले असतात. बाहेर कडं, आत लोखंडी नळी आणि दोघांच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पक्की धरली जाते. त्यामुळे चाक वरखाली होतं तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या गाडीत एक गडबड नेमकी इथेच केली होती.

सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली. बिलावर २ ओरिजिनल बुश आणि दोन्ही बाजूंची मजुरी. जुने पार्ट मागितले तर लगेच दोन फाटके बुश पिशवीत घालून हातात दिले. जुने पार्ट मागून घेणारा माणूस फसत नाही, असं मला तोवर वाटायचं. आवाजही थांबला होता. मी पैसे दिले आणि आभार मानून निघाले.

पाच-सहा आठवड्यांनी उजवीकडून तोच ठोका परत सुरू झाला. परत गेले तर खाली वाकून न बघताच उत्तर मिळालं, "ताई, आता शॉकअप गेलेत. गाडी जुनी झाली की एकेक निघायचंच." शॉकअपमधून तेलाचा थेंब गळत नव्हता, गाडी डोलतही नव्हती. इथे मला पहिल्यांदा शंका आली. गाडी तिथून काढली आणि दुसऱ्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली.

त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, मला खाली बोलावलं आणि टॉर्च माझ्याच हातात दिला. म्हणाले, "आधी बोल्ट बघा." डाव्या बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे, चकाकणारे ओरखडे होते. उजवीकडे बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर वाळलेल्या चिखलाचा एकच सलग थर होता, कुठेही न तुटलेला. त्या बोल्टला पाना लागलाच नव्हता, आणि बोल्ट न काढता बुश बदलता येत नाही. तरीही वरून बुश नव्यासारखा काळाभोर दिसत होता. मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरवलं तर काळा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. आत राखाडी पडलेलं, भेगाळलेलं रबर, आणि फाटलेल्या जागेत टायरच्या ट्यूबची पट्टी कोंबून वर काळं सीलंट भरलेलं. आवाज का थांबला होता, ते तिथे कळलं. ट्यूब चेपली, तसा ठोका परत आला.

डावा बुश नवा होता, पण तो बसवलाही चुकीचा होता. या बुशच्या रबरात चंद्रकोरीसारख्या दोन पोकळ्या असतात. पोकळीच्या दिशेने बुश मऊ असतो, तिच्या काटकोनात कडक, म्हणून कुठली बाजू कुठे यायला हवी हे ठरलेलं असतं. जुना काढण्याआधी बीमवर खूण करायची ती याचसाठी. माझा बुश जवळजवळ ९० अंश फिरवून बसवला होता. शिवाय कड्याची कडा हातोड्याने चेपलेली, आणि बीमच्या डोळ्याच्या तोंडाशी छिन्नीची खोल खाच.

तिसरी गोष्ट त्यांनी दाखवली नसती तर मला कधीच कळली नसती. गाडी चाकांवर उभी करून त्यांनी नळीच्या टोकावर आणि ब्रॅकेटवर खडूची एकच सरळ रेघ ओढली आणि बोल्ट सैल केला. रेघ क्षणात तुटली, नळी फिरली. म्हणजे पहिल्या गॅरेजने गाडी उचललेली, चाक लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला होता. अशा वेळी गाडी जमिनीवर टेकताच रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. असा नवाकोरा बुशही लवकर फाटतो. यात पैसे खाण्याचा हेतू नसेलही, पण काम येत नसताना ओरिजिनल कामाची मजुरी घेणं ही माझ्या लेखी फसवणूकच आहे.

पिशवीतले जुने बुश मी सोबत नेले होते. नव्या बुशशेजारी ठेवल्यावर एक त्याच मापाचा निघाला, दुसरा चांगला बोटभर मोठा. माझ्या गाडीच्या डोळ्यात तो मावलाच नसता.

मग दोन्ही बाजूंचं काम परत झालं आणि मी शेवटपर्यंत तिथेच उभी राहिले. एक्सल खाली घेण्याआधी त्यांनी ब्रेकच्या पाइपांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ताण येऊ नये म्हणून त्या सोडवून घेतल्या. बुश ठोकून नाही, तर लांब आटेदार रॉड आणि वाटीसारखा पुलर लावून हळूहळू ओढून काढले. बीमवर खूण केली, नवा बुश तिच्याशी जुळवला आणि फक्त बाहेरच्या कड्यावर दाब देत आत घेतला. आत सरकायला साबणाचं पाणी लावलं. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावत नाहीत, त्याने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. बोल्ट आधी नुसते टेकवले, गाडी चाकांवर उतरवली, मागून दाबून दोन-चारदा हलवली, आणि मगच कंपनीने सांगितलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळले.

तुमच्या गाडीचं हे काम निघालं तर सोडून जाण्याआधी दोन्ही बोल्टचे फोटो काढा, आणि जमलं तर बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची बारीक रेघ ओढा. बोल्ट निघाला तर ती रेघ तुटणारच. नवे बुश खोक्यात असतानाच बघा आणि जुने निघाल्यावर त्यांच्याशेजारी ठेवून माप जुळवा. शेवटचं आवळायच्या वेळी मला बोलवा, असं आधीच सांगून ठेवा. चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही.

फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेले. आधी "पोराकडून एक बाजू राहून गेली असेल" म्हणाले. पोराने बाजू विसरून वर रंगही दिला का, असं विचारल्यावर एका बुशचे आणि एका बाजूच्या मजुरीचे पैसे परत केले. डाव्या बाजूचं काहीच मान्य केलं नाही. तिथली छिन्नीची खाच मेस्त्रींनी कानस मारून साफ केली आहे, पण धातू गेला तो गेला. दर सर्व्हिसिंगला त्या डोळ्यात बुश सैल होतोय का ते बघत राहा, असं त्यांनी सांगितलंय.