बदकाचं की कोंबडीचं? संध्याकाळच्या उकडलेल्या अंड्याचा हिशोब

संध्याकाळी साडेपाचच्या भुकेला फरसाणाऐवजी उकडलेलं अंडं खायचं, इथपर्यंत बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. मग एखाद्या दिवशी बाजारात नेहमीच्या ट्रेशेजारी मोठी, जाड कवचाची, किंचित निळसर अंडी दिसतात. "बदकाची आहेत, ताकद जास्त," असं विकणारा सांगतो. भावही अर्थातच जास्त. घ्यावीत का?

आधी ही ताकद मोजून बघू. कवच सोडून कोंबडीचं अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं आणि बदकाचं ७०. वजनाला वजन लावलं तर प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच, १०० ग्रॅमला साडेबारा-तेराच्या घरात. फरक पडतो तो स्निग्धांशात. कोंबडीच्या एका अंड्यात तो ५ ग्रॅम असतो, तर बदकाच्या अंड्यात साडेनऊ. म्हणजे बदकाचं एक अंडं सुमारे १३० कॅलरीत ९ ग्रॅम प्रथिनं देतं आणि कोंबडीची दोन अंडी दीडशे कॅलरीत १२ ग्रॅम. व्यायामशाळेतून येऊन प्रथिनांसाठीच अंडी खाणाऱ्याने इथेच वाचन थांबवून कोंबडीची आणावीत.

बदकाच्या अंड्याची खरी बाजू आहे लोह आणि बी-१२. लोह वजनामागे दुपटीहून जास्त. बी-१२ तर एका अंड्यात कागदावर दिवसाची गरज भागावी इतकं असतं. कागदावर अशासाठी म्हटलं की अंड्यातलं बी-१२ शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण कमीच असतं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी अंड्याच्या भरवशावर बंद करू नका. आणि कोलेस्टेरॉल? कोंबडीच्या अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास, बदकाच्या अंड्यात सहाशेच्या वर. ज्यांना ते सांभाळायला सांगितलंय त्यांनी रोजच्या खाण्यात बदकाचं अंडं धरू नये. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून बदकाचं चालेल, हाही गैरसमज. ते स्वतःवर आजमावून बघू नका.

उकडण्यात कोंबडीचं अंडं क्षमाशील. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही आणि बलक थोडा ओलसर ठेवून खाणारेही आहेत. बदकाच्या अंड्याला ती मोकळीक देऊ नका. बदकं चिखलापाण्यात वावरतात, अंडीही तिथेच घालतात. त्यामुळे कवचावर घाण आणि साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची शक्यता जास्त. अंडी उकडायच्या आधी लगेच धुवावीत. आदल्या दिवशी धुवून ठेवली तर कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतूंना छिद्रांतून आत शिरायला वाट मिळते. कोंबडीच्या अंड्याला उकळत्या पाण्यात ९-१० मिनिटं पुरतात, बदकाच्याला १२-१३ द्या. पण पाणी खळाखळा उकळू देऊ नका. बदकाच्या अंड्याचा पांढरा भाग मुळातच घट्ट, जास्त तापला की चक्क रबर होतो. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाका. बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर घाबरू नका. जास्त उकडल्यामुळे पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्याची ती खूण आहे, अपाय काही नाही.

मसाल्यापाशी मात्र दोघांची वाट पूर्ण वेगळी होते, आणि माझ्या मते निवड इथेच ठरावी. कोंबडीचं अंडं चवीला सौम्य. मीठ-मिरी, चाट मसाला, कांदा-लसूण मसाला, वडापावची सुकी चटणी, काहीही भुरभुरा, ते मुकाट्याने घेतं. बदकाचा बलक मोठा, केशरी आणि लोण्यासारखा. जिभेवर त्याचा थर बसतो आणि मागे थोडा वशाट वास राहतो. नुसत्या मीठ-मिरीवर पहिल्यांदा खाणारा माणूस दुसरा घास घेईलच असं नाही. जिथे ही अंडी रोजची आहेत तिथलं जेवण बघा. केरळात कुट्टनाडच्या पाणथळ भागात, जिथे कापणी झालेल्या भातशेतात बदकांचे कळप चरायला सोडतात, तिथे अंडं कांदा, मिरी, कढीपत्ता घालून परततात. बंगालमध्ये मोहरीचं तेल आणि गरम मसाल्याचा रस्सा. कुठेही त्याला एकटं सोडलेलं नाही.

आपल्याकडे त्याला आंबट हवं. लिंबू चालतं, पण कोकमाचं आगळ जास्त शोभतं. अंड्याच्या चार फाकी करा. अर्धा चमचा तेलात ठेचलेला लसूण, पाव चमचा मालवणी मसाला आणि भरडलेली मिरी, गॅस बंद करून त्यात चमचाभर आगळ. हे फाकींवर ओता, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, वेगळं घालायच्या आधी चाखून बघा. खोबऱ्याची चटणी इथे टाळा, स्निग्धावर स्निग्ध होऊन पोट जड होतं. कोंबडीच्या अंड्यावर मात्र तीच चटणी झकास लागते.

डब्यात न्यायचं असेल तर कोंबडीचंच. बदकाच्या अंड्याचा डबा बंद खोलीत उघडला की शेजारच्या टेबलावरून चौकशी येते. उकडलेलं अंडं तसंही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

रोजच्यासाठी माझं मत कोंबडीच्या बाजूने आहे. बदकाचं अंडं रविवारी, दोघांत एक. पोटभर वाटतं ते त्यातल्या स्निग्धामुळे, आणि संध्याकाळी अर्धं खाल्लं तरी रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरं काही आठवत नाही. पहिल्यांदा आणत असाल तर दोनच आणा, घरी आल्यावर पाण्यात सोडून बघा आणि तरंगणारं असेल ते परत करा.