रिकाम्या खोलीला दहापैकी आठ

आमच्या सुदामानगरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्या गाण्यामुळेच मला कळलं, की आपण २०,९९९ रुपयांना फसलोय.

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इंदूरला आले. सासरी सगळे मराठीच बोलतात, पण इथल्या मराठीला हिंदीचं वळण आहे आणि माझी हिंदी शाळेच्या पुस्तकातली. मुलगी शाळेत जायला लागली आणि मी व्हॉइस ओव्हरचं, म्हणजे जाहिराती-पुस्तकांना आवाज देण्याचं, मनावर घेतलं. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन करायचे, लोक म्हणायचे आवाज गोड आहे. माइक आणला, साड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचू लागले. साड्या आवाज पितात, घुमू देत नाहीत. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढं शिकले.

पण आपलं कुठे चुकतंय हे सांगणार कोण? नवरा म्हणाला छान. सासूबाई म्हणाल्या, छान गं. बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन बदाम पाठवले. नवशिक्याला पैशाआधी कान हवा असतो, कुणाचा तरी जाणता कान. फसवणाऱ्याला हे आपल्याआधी ठाऊक असतं.

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: आवाज पाठवा, तज्ज्ञांचा अभिप्राय मिळवा, ४९९ रुपये. फोनवर गृहस्थ अस्सल मराठीत बोलले, 'ताई' म्हणाले. परमुलखात आपली भाषा ऐकली की माणूस विरघळतो, मीही विरघळले. दोन दिवसांत पीडीएफ आली. आवाजातला गोडवा १० पैकी ८, उच्चार ९, भाव ७, ऊर्जा ६. खाली लिहिलेलं, 'ऊर्जा थोडी वाढवा, चेहऱ्यावर स्मित ठेवून वाचा, तुमच्यात व्यावसायिक होण्याची पूर्ण क्षमता आहे.' ती पीडीएफ मी आईला पाठवली, आता सांगायला लाज वाटते.

मग दहा अभिप्रायांचा पॅक, ५,५०० रुपये. तिसऱ्या अभिप्रायानंतर फोन आला, 'ताई, तुम्ही तयार आहात, आता डेमो रील, म्हणजे आवाजाचा नमुना, करून घ्या.' १५,००० रुपये. मिनिटभराची रील आली, त्यात माझ्यापेक्षा तबला जास्त ऐकू येत होता. उच्चारांना तिन्ही वेळा ९ होते आणि ऊर्जा तिन्ही वेळा ६. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण परीक्षेत ९ पडले की पेपर कुणी परत तपासत नाही.

त्याच सुमारास मी ऑडिओबुकच्या चाचणीची तयारी करत होते. एसीएक्ससारख्या ऑडिओबुकच्या वेबसाइटवर तांत्रिक निकष ठरलेले असतात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये, सर्वात मोठा आवाज उणे ३ च्या वर नाही आणि कुणी बोलत नसतानाची खोलीची कुजबुज उणे ६० च्या खाली. ती कुजबुज मोजायला मी एका सकाळी माइक चालू ठेवून ५८ सेकंद गप्प बसले. पंखा चालू होता. मध्येच लांबून कचऱ्याची गाडी गेली. फाइल तशीच ठेवून दिली आणि संध्याकाळी चौथ्या अभिप्रायासाठी घाईघाईत नेमकी तीच पाठवली.

दोन दिवसांनी पीडीएफ. गोडवा ८. उच्चार ९. ऊर्जा ६. 'स्मित ठेवून वाचा.'

मी आधी स्वतःलाच दोष दिला, म्हटलं दुसरी फाइल गेली असेल. उघडून पाहिली. पंखा, गाडीचं गाणं, पुन्हा पंखा. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'आमच्या सिनियर टीमने ऐकलंय ताई.' काय ऐकलं, म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला: एका मोठ्या कंपनीच्या यादीत नाव घालायला ७,५०० रुपये डिपॉझिट भरा, परत मिळेल. मी नाही म्हटलं. पैसे परत मागितले, त्या रात्री नंबर ब्लॉक झाला. १९३० वर आणि सायबर पोर्टलवर तक्रार केली, यूपीआयचे व्यवहार आणि चारही पीडीएफ जोडल्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली. आजपर्यंत एक रुपया आलेला नाही.

आता मी कुणालाही पैसे देण्याआधी एकच गोष्ट मागते: माझ्या फाइलमधला एक सेकंद दाखवा आणि तिथे काय चुकलं ते सांगा. 'ऊर्जा वाढवा' हे कुणालाही लागू पडतं, अगदी पंख्यालासुद्धा. आणि जो माणूस अभिप्राय देतो तोच रीलही विकत असेल, तर तुम्ही 'तयार' कधी झालात हे त्याचा गल्ला ठरवणार.

खरा कान गल्लीतच निघाला. चार घरं सोडून एक काका राहतात, पूर्वी मालवा हाउसमधल्या आकाशवाणीवर बोलायचे. हे केंद्र १९५५ पासूनचं. त्यांना ९ मार्कांवाली पहिली फाइल ऐकवली, हिंदी जाहिरातीची. अकराव्या सेकंदाला त्यांनी हात वर केला.

"अगं, विज्ञापन म्हणताना तुझा 'ज्ञ' मराठी लागतोय. इथे 'विग्यापन' म्हणतात, तू 'विद्न्यापन' म्हणतेस."

पुढे 'पैसा' चा मी 'पइसा' करते आणि 'और' चा 'अउर', कारण आपल्याकडे ऐ आणि औ तसेच बोलतात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी जिना उतरल्यासारखी खाली येते. 'प' आला की माइकवर फुंकर बसते, म्हणून माइक तोंडासमोर नको, जरा बाजूला हवा. दहा मिनिटांत इतकं. फी म्हणून दोन प्लेट पोहे, वर शेव भरपूर.

जाता जाता गंमत म्हणून त्यांना ती रिकामी फाइलही ऐकवली. त्यांनी डोळे मिटून अख्खे ५८ सेकंद ऐकली.

"पंख्याचं बेअरिंग गेलंय तुझ्या," काका म्हणाले. "आणि गाडी निघून जाईपर्यंत थांबत जा."