श्वासातून पोटाची तपासणी : दादरच्या एका केंद्राचा अनुभव

माझ्या आईला चार वर्षांपासून पोटात आग पडण्याचा आणि रात्री आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास होता, आणि आमच्या घरात या दोन्हींना मिळून ‘पित्त’ हे एकच नाव होते. दादर पश्चिमेच्या एका लहान पोटविकार केंद्रात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठीची श्वासचाचणी केल्यावर हे दोन त्रास वेगळे असल्याचे समजले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वेळ घेण्यासाठी फोन केला तेव्हाच तिथल्या बाईंनी विचारले की आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे का आणि महिन्याभरात अँटिबायोटिक घेतले आहे का. आई रोज पॅन्टोप्राझोल घेत होती. डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे बंद ठेवा, मगच या, असे त्यांनी बजावले. या गोळीने जिवाणू दबून राहतात आणि असूनही सापडत नाहीत. याआधी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने हे न विचारताच चाचणी केली होती, आणि त्या ‘निगेटिव्ह’ अहवालाच्या भरवशावर आमचे आठ महिने गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

चाचणी उपाशीपोटी होते. आधी एका पिशवीत श्वास, मग युरिया विरघळवलेले पाणी, आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत श्वास. आईला पहिल्यांदा जमेना, तेव्हा तंत्रज्ञ मुलगी शेजारी बसून म्हणाली, “आजी, घाई नाही. श्वास थोडा रोखून धरा आणि सावकाश सोडा.” जिवाणू युरिया फोडतो, त्यातून निघालेला खुणेचा (म्हणजे ओळखता यावा म्हणून युरियात मुद्दाम वापरलेला) कार्बन रक्तावाटे श्वासात उतरतो, हा कार्बन किरणोत्सारी नसतो.

अहवाल पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी कागदावर जठर काढून दाखवले : गॅस्ट्रिन हे संप्रेरक आम्ल वाढवते, सोमॅटोस्टॅटिन त्याला लगाम घालते, आणि जठराच्या खालच्या भागात ठाण मांडलेला हा जिवाणू तो लगामच सैल करतो. आंबट पाण्याचे कारण मात्र अन्ननलिकेच्या तळाची सैल पडलेली झडप, आणि जिवाणू मेल्याने ती घट्ट होईलच असे नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 साली या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले, आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. तरी आम्ही मात्र आईला ठेच्यावरून बोलत राहिलो, याचे फार वाईट वाटते.

चौदा दिवस चार औषधे होती. त्यातल्या बिस्मथ या औषधामुळे शौचाला काळे होईल, हे मराठीत छापलेल्या कागदावर आधीच लिहिले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. औषधे संपल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. आग थांबली आहे; उशिरा जेवल्यास आंबट पाणी अजून येते, त्यासाठी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठोकळे दिले आहेत.

तपासणीच्या शुल्कात डॉक्टरांची फी धरलेली नाही, हे फोनवरच सांगायला हवे होते. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही; गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, तेव्हा जिना मोकळा असतो.